एकतीस वेळा उघडलं, एकतीस वेळा बंद

१

थे बोकसुन नावाची एकाहत्तर वर्षांची बाई मंगळवारी सकाळी रुग्णालयात रक्त न मिळाल्यामुळे मेली. रक्त होतं. दोन मजले खाली, तिच्याच गटाच्या चार पिशव्या पडून होत्या. पण संगणकाच्या पडद्यावर मंजुरीची चिठ्ठी उमटल्याशिवाय रक्तपेढीचं कपाट उघडायचं नाही असा नियम होता, आणि त्या सकाळी सगळ्या रुग्णालयाचे पडदे अडतीस मिनिटं गोठले होते. मग कुणीतरी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तोवर बाजारात लसूण सोलून विकणारी ती बाई थंड पडली होती.

मला बोलावणं आलं गुरुवारी. उपप्रशासक नामगुंग यांनी माझ्यापुढे जिनसेंगच्या अर्काची छोटी बाटली ठेवली आणि हसले. दोन दिवसांपूर्वी ज्यांच्या छताखाली असं मरण घडलं त्या माणसाला हसू कसं येतं, याचंच मला नवल वाटलं.

"प्योबाई, प्रकरण तसं संपलंय. दोषी सापडलाय. तुम्ही फक्त अहवालावर नाव द्यायचं."

"संपलंय तर मला कशाला तसदी दिलीत?"

"बाहेरच्या माणसाचं नाव असलं की बरं दिसतं."

गेली अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांनी बिघडवलेल्या सिस्टीम उलगडत हिंडते आहे. बरं दिसावं म्हणून बोलावलं जाण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे डेटाबेसची कनेक्शनं बंद करायची राहिली. त्यामुळे एक जीव गेला. मी गुडघे टेकून क्षमा मागते.' खाली नाव होतं, मेंग सुन्ही. सहीची जागा कोरी होती.

"चार वाजता बाईंची मुलगी येणार आहे," नामगुंग म्हणाले. "तिच्यासमोर मेंग सही करेल आणि गुडघे टेकेल. घरच्यांना समाधान लागतं हो. समोर माणूस दिसला की राग निवतो."

"मेंगने कबूल केलंय?"

"नाकारलं नाही."

मी बाटली परत सरकवली. घड्याळात सव्वादहा झाले होते. "चारपर्यंत सही घेऊ नका," मी म्हटलं. "नाहीतर अहवालावर माझं नाव येणार नाही, आणि का आलं नाही ते मी त्या मुलीला सांगेन."

त्यांचं हसू गेलं. तेवढंच बरं वाटलं मला.

२

सुन्ही तळघरात, छपाईच्या कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसली होती. तिथेच तिची रोजची जागा. रुग्णालयाने काम दिलं मोठ्या कंपनीला, मोठीने मधलीला, मधलीने धाकटीला, आणि धाकटीने सुन्हीला. चौथ्या पायरीवरच्या माणसाला खिडकी मिळत नाही. ती चौतिशीची होती, डोळे सुजलेले, ओठ फुटलेले.

"ताई, मीच मारलं ना त्यांना?" हे तिचं पहिलं वाक्य.

"ते ठरवायलाच आलेय मी. कोडची फाइल पाहिलीस तुझी?"

"कुठून पाहू? मंगळवारी दुपारीच लॅपटॉप काढून घेतला. पुरावा म्हणे."

"कुणी?"

"मोठ्या कंपनीच्या बानसाहेबांनी माणूस पाठवला होता. पण एररच्या नोंदींत माझ्याच फाइलचं नाव आहे, पन्नास वेळा. आणि फाइलीच्या डोक्यावर माझंच नाव. मग आणखी कोण असणार?"

फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची ही आमच्याकडची जुनी रीत. नंतर त्या फाइलीत दहा जण हात घालून जातात, नाव मात्र पहिल्याचंच राहतं.

थोडं समजावते, कारण सगळं इथेच आहे. डेटाबेसकडे एका वेळी ठरावीकच कनेक्शनं असतात. इथे पन्नास होती, सगळ्या रुग्णालयात मिळून. आमच्या सार्वजनिक न्हाणीघरातल्या किल्ल्यांसारखंच हे. किल्ली मनगटाला अडकवायची, अंघोळ करायची, जाताना परत द्यायची. कुणी न देताच गेलं की एक किल्ली कमी. पन्नास जण तसे गेले की एक्कावन्नावा दारात ताटकळतो, मग तो नुसता पाय धुवायला आलेला असो की मरायला टेकलेला.

"तू किल्ली परत द्यायला विसरतेस?" मी विचारलं.

"आजवर विसरले नव्हते. पण आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. कागदावर सही करते नि मोकळी होते. त्या मुलीपुढे गुडघे तर टेकायलाच हवेत मी."

तिला नोकरीची चिंता दिसत नव्हती. न केलेला खून ती आयुष्यभर उशाशी घेऊन झोपायला निघाली होती. की केलेला? ते मला अजून माहीत नव्हतं, आणि फाइल उघडल्यावर जे दिसलं ते तिच्या विरुद्धच जात होतं.

३

रुग्ण-नोंदणीची ती फाइल. एकतीस ठिकाणी कनेक्शन उघडलेलं, एकतीस ठिकाणी बंद केलेलं. पण बंद करायची ओळ प्रत्येक ठिकाणी कामाच्या अगदी शेवटी टाकलेली. सगळं सुरळीत झालं तर किल्ली परत. मध्येच एरर आली की कोड तिथून उडी मारून बाहेर, आणि शेवटची ओळ वाचलीच जात नाही. अंघोळ करताना घसरून पडलेल्याला मागच्या दाराने उचलून नेलं, तर किल्ली त्याच्या मनगटावरच जाणार. काही झालं तरी दारातून जाताना किल्ली काढून घ्यायची, याची सोय जावा या कोडच्या भाषेत आहे. कधीचीच आहे. इथे ती वापरली नव्हती.

पन्नास एरर आल्या कुठून? ते नोंदणीच्या खिडकीवरच्या खुमजाताईंनी सांगितलं. त्या साठीला आलेल्या, तोंडाने फटकळ.

"मंगळवारी बाहेरदेशच्या कामगारांचा मोफत दवाखाना असतो ना! यावेळी श्रीलंकेचे सतरा जण आले होते, स्ट्रॉबेरीच्या शेडवरचे. त्यांची नावं ऐकलीत का? हेट्टिआरच्चिलागे डॉन निमल सुगतदास! एवढं घातलं की पडदा लाल."

आमची कोरियन नावं तीन अक्षरांची. नावाचा खण वीस अक्षरांचा ठेवला म्हणजे जग मावलं, असं कुणातरी शहाण्याला वाटलं होतं.

"पडदा लाल झाला की काय करता?"

"पुन्हा दाबते. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल झाला की नाव अर्धं कापून घालते. करणार काय? सतरा जणांना तीन-तीनदा. शेवटच्याच्या तिसऱ्या वेळी पडदा जो मेला तो मेलाच."

सतरा त्रिक एक्कावन्न. पन्नास किल्ल्या गेल्या आणि एक्कावन्नाव्या वेळी रुग्णालय थांबलं.

"हे याआधीही व्हायचं?"

"लाल? दर मंगळवारी! गेल्या महिन्यात वीस जण होते. पण पडदा मरायचा नाही कधी. नवी सिस्टीम येऊन सात मंगळवार झाले. सहा वेळा नुसता लाल व्हायचा, बाकी सगळं चालू राहायचं."

सहा मंगळवार तीच फाइल, तीच नावं, तोच लाल पडदा. मग सातव्यालाच काय झालं?

४

फाइलीत शेवटचा बदल शनिवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी झाला होता. बदल करणाऱ्याचं नाव 'विकास शून्य एक'. मला हसू आलं. हे माणसाचं नव्हे, खात्याचं नाव. खालच्या पायऱ्यांवरच्या माणसांना वेगळं खातं द्यायचं नाही, म्हणून सगळे एकाच खात्यातून काम करत, आणि वरचेही सोयीचं पडेल तेव्हा त्यातूनच. जुनी आवृत्ती कुठे आहे म्हणून शोधलं, तर सरकारी तपासणीआधी 'साफसफाई' केली होती. सहा आठवड्यांचा इतिहास पुसलेला.

मधल्या कंपनीचा गटप्रमुख योम ग्युसॉप याला मी जेवणघरात गाठलं. चाळिशीचा, घाबरट, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले. सोयाबीनच्या रश्शात चमचा बुडवायचीही पंचाईत.

"हे काय झालं हो?"

"गांधीलमाश्या! शनिवारी गावी गेलो होतो. छुसकचा सण आला ना तोंडावर, आजोबांच्या थडग्यावरचं गवत कापायला गेलो आणि पोळ्यावरच पाय पडला. गावच्या दवाखान्यातच होतो संध्याकाळपर्यंत. कागद आहेत माझ्याकडे." तो सराईतपणे कागद काढायला लागला. या धंद्यात माणूस माशी चावल्याचाही पुरावा जवळ ठेवतो.

"राहू द्या. शनिवारी काम कसलं होतं?"

"सोमवारी सरकारी तपासनीस येणार होते. त्यांचा एक तक्ता असतो. फाइलीत कनेक्शन उघडलेलं किती, बंद केलेलं किती. 'बंद' हा शब्द शोधायचा, मोजायचा. दोन्ही आकडे जुळले की पास. पंधरा वर्षांपूर्वीचा नियम आहे, अजून तोच."

"तक्ता भरतं कोण?"

"बानसाहेब. ते मोठ्या कंपनीचे. शिक्का त्यांचाच लागतो. मला तर तो दाखवतही नाहीत."

"सुन्ही कशी आहे कामाला?"

योमने इकडेतिकडे पाहिलं. "आमच्यात तिच्याइतकं नीट कुणी लिहीत नाही. पण हे माझ्या नावाने लिहू नका हं, प्योबाई. मला दोन मुलं आहेत."

मला दोन मुलं आहेत, या एका वाक्यावर किती निरपराध लोक सुळी जातात, देव जाणे. मी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या पडद्यावर आठवड्याचं जेवण दाखवत होते.

"हा पडदा कुणी केला?"

"सुन्हीनेच. फुकटात. जेवणघरवाल्या मावशींनी गळ घातली म्हणून. तो रुग्णालयाच्या कामात धरलेला नाही, त्यामुळे तपासणीतही नव्हता."

मी खाली गेले आणि जेवणाच्या यादीची फाइल उघडली. छोटीशीच. कनेक्शन चार ठिकाणी उघडलेलं, चारही वेळा 'ट्राय'च्या कंसात. असं कंसात उघडलं की बंद करायचं जावा स्वतः बघते. काम सुरळीत होवो की मध्येच कोसळो, किल्ली दारात काढून घेतली जातेच. 'बंद' हा शब्द अख्ख्या फाइलीत एकदाही नव्हता.

लसूण घातलेल्या पालकाच्या भाजीची यादी दाखवायला जी बाई इतकी काळजी घेते, ती रक्ताच्या रांगेत घेणार नाही?

५

बान मान्सू, मोठ्या कंपनीचे विभागप्रमुख, पंचावन्न वर्षांचे, पाचव्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसत. नखं नीट कापलेली, केस काळे केलेले.

"अहो प्योबाई! नाव ऐकून होतो. बसा, बसा. वाईट झालं हो. छुसकच्या तोंडावर असं."

"शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"मी? डोंगरावर. मित्रांबरोबर. खाली उतरून तांदळाची मक्कोली दारू, हिरव्या कांद्याचे घावन. वयाप्रमाणे राहावं लागतं."

"तपासणीचा तक्ता तुम्ही भरलात?"

"शिक्का मारला फक्त. खालची मुलं भरतात." योम तर वेगळंच सांगत होता. मी मान डोलावली. त्यांनी तक्ता काढून दाखवला. रुग्ण-नोंदणी, उघडलेलं एकतीस, बंद केलेलं एकतीस. लाल शिक्का, ठसठशीत.

"सुन्हीची फाइल तुम्ही स्वतः पाहिलीत का?"

"कोड? मी?" ते मोठ्याने हसले. "अकरा वर्षं झाली हात लावून. आमच्या वेळी दगडावर कोरल्यासारखं लिहायचो आम्ही. अपघातानंतरही मी फाइल उघडलेली नाही. पुराव्याला हात लावायचा नसतो. लॅपटॉप सीलबंद आहे."

"म्हणजे आधी नाही, नंतरही नाही."

"कधीच नाही."

"मग चूक तिचीच, हे कशावरून?"

आणि इथे त्यांना चेव चढला. आपण मोठे आहोत हे सांगायची संधी अशी माणसं सोडत नाहीत. "कशावरून काय? ही आजकालची पोरं, प्योबाई! कुठलीतरी नवी टूम वाचतात आणि आळशीपणा करतात. एकतीस ठिकाणी उघडलंन पोरीने, आणि बंद? एकदाही नाही. एकदाही! घरी नळ असाच सोडते का ही?"

माझी पेन्सिल थांबली. ते बोलतच राहिले, शिस्त, पिढी, संस्कार. मी वही मिटली, मान लववली आणि बाहेर जिन्यात येऊन कठड्याला टेकून उभी राहिले.

६

पावणेचारला मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. नामगुंग, बान, योम, आणि कोपऱ्यात सुन्ही, हातात तो कागद घेऊन.

"बानसाहेब, मघाशी तुम्ही म्हणालात, हिने एकदाही बंद केलं नाही."

"म्हणालो. मग?"

मी फाइलीचा छापील गठ्ठा पुढे टाकला. "मोजा. एकतीस वेळा बंद केलंय. तुमच्या शिक्क्याच्या तक्त्यातही एकतीसच आहेत. ज्याने ही फाइल आज पाहिली तो 'चुकीच्या जागी बंद केलं' म्हणेल. तक्ता पाहिला तो 'बरोबर केलं' म्हणेल. 'एकदाही नाही' असं फक्त तोच म्हणेल, ज्याने ती शनिवारच्या दुपारी तीन वीसच्या आधी पाहिली. तुम्ही तर कधीच पाहिली नाहीत ना?"

मी गठ्ठा सुन्हीकडे सरकवला.

"सुन्ही, हे एकतीस तू लिहिलेस?"

तिने पानं उलटली. एक, दोन, दहा. तिचा चेहरा बदलत गेला. "ताई, हे माझं नाही. मी कंसात उघडते. बंद करायची ओळ मी लिहीतच नाही, लिहायची गरजच नसते. हे कुणी... हे सगळं कुणी मोडलं?"

"तक्त्यासाठी मोडलं," मी म्हटलं. "शनिवारी तक्ता भरताना हिच्या नावापुढे एकतीस आणि शून्य आलं. हिचा कोड सगळ्यांत सुरक्षित होता, पण त्यात 'बंद' हा शब्द नव्हता, आणि तपासनीस शब्द मोजतात. सोमवारी नापास झालो असतो. म्हणून हिचे कंस काढून टाकले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकेक ओळ चिकटवली. एकतीस. मग इतिहास पुसला."

"मी सुधारलं!" बान ओरडले. "मला काय ठाऊक नवी पद्धत? मला वाटलं हिने बंदच केलेलं नाही! मी तर हिची चूक झाकली, उपकार केले!"

हे ते खरंच मानत होते, आणि तेच सगळ्यांत घाण होतं. वाईटपणाने केलं असतं तर मला सरळ द्वेष करता आला असता. या माणसाने न वाचता दुरुस्ती केली होती.

"शनिवारी नव्हतं ठाऊक, मान्य. पण मंगळवारी दुपारी? प्रेत खाली नेण्याआधी हिचा लॅपटॉप काढून घेतलात. का? बदललेला कोड हिला दिसला असता तर हिने एका नजरेत ओळखलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात, तेही संन्याशालाच दोर वळायला लावून."

बान खुर्चीत खचले. योम टेबलाखाली आपल्या सुजलेल्या हातांकडे बघत बसला.

नामगुंग खाकरले. मला वाटलं, आता हा माणूस काही माणसासारखं बोलेल. ते म्हणाले, "समजा, मेंगची जुनी पद्धत परत बसवली, तर तक्त्यात पुन्हा शून्य येणार का? तपासणीची मंजुरी परत जाईल?"

मला त्या खोलीची, त्या टेबलाची, माझ्याच धंद्याची शिसारी आली.

तेवढ्यात दार वाजलं. थे बोकसुनची मुलगी आत आली. पन्नाशीची, काळ्या कपड्यांत, बोटांना लसणाचा पिवळेपणा. सवयीने सुन्ही उठली आणि गुडघे वाकवायला लागली. मी तिचं कोपर धरलं.

"तू नाही," मी म्हटलं.

नामगुंग घाईने पुढे झाले. "ताई, तपास पूर्ण झालाय. सिस्टीमवर अचानक तांत्रिक ताण आला, बाहेरदेशच्या लोकांची नावं फार लांब..."

"खोटं आहे," सुन्ही म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिने तो परत घेतला नाही. "नावं लांब असल्यामुळे कुणी मेलं नाही. कोड मी लिहिला होता, तो नीट होता. तो या बानसाहेबांनी बदलला. आणि मंगळवारपासून मला वाटत होतं की तुमच्या आईला मी मारलं."

नामगुंगनी तिच्याकडे असं पाहिलं, की उद्यापासून तिला या इमारतीत जागा नाही हे सगळ्यांना कळलं. तिलाही कळलं. तिने हातातला कागद टेबलावर पालथा घातला आणि सरळ उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच मी तिची मान वर पाहिली.

मुलगी बानसाहेबांकडे वळली. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि गुडघ्यांवर बसले. कपाळ जमिनीला टेकवलं.

"उठा," ती म्हणाली. "मला ते नको. तुम्ही नेमकं काय केलंत, तेवढं सांगा. मला कळेल असं सांगा."

बान जमिनीकडे बघतच म्हणाले, "तपासणी होती. मी आकडे जुळवले."

तिने थोडा विचार केला. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"जुळले का?"

"हो," बान म्हणाले. "जुळले."